आउटबोर्डचे कार्ब ‘जुळवतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

ऑगस्ट उजाडला की देवबाग-मालवणपासून वर हर्णैपर्यंत कोकण किनाऱ्यावर आउटबोर्डबद्दल, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या मोटरबद्दल, एकच तक्रार ऐकू येते, मोटर स्टार्ट होते, फुल रेसला पळते, पण स्लोला धरत नाही. कारण उघड आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, टुरिस्ट बोटी तर मे महिन्यातच वर ओढलेल्या, आणि एवढे दिवस मोटर ताडपत्रीखाली, कार्बमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये, उरलेलं पेट्रोल तसंच. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, त्यावरून गाडीवाल्यांची भांडणं आपण रोज मोबाईलवर बघतोच, पण बोटीच्या मोटरचं काय होतं यावर कोणी धड बोलत नाही. मग होतं असं की मोटर अडखळली की पहिला हात जातो कार्बच्या बाजूच्या त्या छोट्या पितळी स्क्रूवर. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आवाज जरा बरा वाटला की झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो, आणि तो आधी फिरवल्यामुळे चांगले पिस्टन वाया जातात. का, ते नीट समजून घेऊ.

हे सगळं मुख्यतः २ स्ट्रोक मोटरबद्दल आहे, कारण कार्बवाल्या जुन्या दोन-तीन सिलिंडरच्या मोटरी अजून हजारो घरांचं पोट भरतायत.

## कार्ब करतो तरी काय

कार्ब्युरेटरचं काम हवेत पेट्रोल मिसळायचं. मधे एक नळी, ती मध्यावर थोडी अरुंद केलेली. इंजिन हवा ओढतं, अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं. बस, पंप नाही, कॉम्प्युटर नाही. खालच्या वाटीत किती पेट्रोल राहायचं ते फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, ठरवतो, पातळी वर आली की फ्लोट निडल, म्हणजे एक सुई, वर ढकलून पेट्रोल येण्याची वाट बंद करतो. बारीक भोकाचा जो पितळी तुकडा असतो तो जेट. फुल रेसचा वेगळा, तो मेन जेट, आणि स्लोचा वेगळा, तो स्लो जेट. नळीत एक गोल चकती फिरते ती बटरफ्लाय, तुम्ही हँडल पिळता तेव्हा खरंतर तीच उघडते.

दोन शब्द पुढे सारखे लागतील. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी पडलं तर ‘लीन’. साध्या पेट्रोलच्या १ किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. २ स्ट्रोकमध्ये एक जास्तीची गोष्ट अशी की ऑइल पेट्रोलमधूनच जातं, ५० ला १ धरलं तर २० लिटरच्या टाकीत ४०० मिली. म्हणजे मिश्रण लीन झालं की त्या सिलिंडरला पेट्रोलबरोबर ऑइलही कमी मिळतं. गरम जास्त होणार आणि वंगण कमी, दोन्ही एकदम. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुढचं अर्धं काम झालं.

## तीन कार्ब कशाला

२ स्ट्रोक मोटरमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या खाली क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचा, आपापला बंद कप्पा असतो, मिश्रण आधी त्या कप्प्यात येतं आणि मग वर जातं. कप्पे वेगळे म्हणून बऱ्याच मोठ्या मोटरींत प्रत्येकाला स्वतःचा कार्ब देतात. यामाहाची तीन सिलिंडरवाली ६९८ सीसीची मोटर घ्या नाहीतर मर्क्युरीची तीन सिलिंडरवाली ७५-९० एचपीची, तीन सिलिंडर आणि तीन कार्ब, एकाखाली एक. तिन्ही बटरफ्लाय एका पट्टीने जोडलेल्या, त्या पट्टीला लिंकेज म्हणतात. हँडल पिळलं की पट्टी हलते आणि तिन्ही चकत्या एकदम फिरायला हव्यात.

इथेच खरी मेख आहे. रापणीचं जाळं ओढताना दोन्ही दोरांवर माणसं असतात ना, एका बाजूच्यांनी आधी ओढायला घेतलं तर जाळं तिरकं येतं, मासा निसटतो आणि ज्यांनी जास्त ओढलं त्यांचीच पाठ भरते. माणसं तेवढीच, जोर तेवढाच, फक्त सुरुवात एकदम झाली नाही. कार्बचंही तेच. एक बटरफ्लाय जरा आधी उघडली की तो सिलिंडर काम करायला लागतो, बाकीचे दोन त्याच्या जिवावर फिरतात, आणि मोटर थरथरते. कार्ब जुळवणं म्हणजे तिन्ही चकत्या एकाच क्षणी बंद होतील, एकाच क्षणी उघडायला लागतील आणि शेवटी एकाच वेळी पूर्ण उघड्या होतील एवढं बघणं.

## मग फुल रेसला कशी पळते?

हा प्रश्न हमखास येतो. साधा हिशोब करा. समजा कार्बची नळी ३० मिमीची आहे. स्लोला बटरफ्लायच्या कडेला फट उरते जेमतेम अर्धा मिमी. आता शेजारच्या कार्बची फट पाऊण मिमी असेल तर फरक किती, पाव मिमी, नखाएवढाही नाही, पण हवा मात्र जवळजवळ दीडपट. तोच पाव मिमीचा फरक बटरफ्लाय पूर्ण उघडी असताना काहीच नाही, सगळी ३० मिमीची नळी मोकळी आहे. म्हणून चुकीची जुळलेली मोटर स्लोला मरते आणि फुलला पळते, आणि मालकाला वाटतं कार्ब ठीक आहेत, प्लगच खराब असणार. प्लग बदलतो, चार दिवस बरं वाटतं, परत तेच.

स्लोला पेट्रोलसुद्धा वेगळ्या वाटेने येतं हेही कारण आहे. बटरफ्लायच्या कडेजवळ नळीच्या भिंतीत दोन-तीन बारीक भोकं असतात, चकती उघडत जाते तशी ती एकेक करून मोकळी होतात आणि पेट्रोल वाढत जातं. एक चकती आधीच वर असेल तर तिची भोकं आधी मोकळी, म्हणजे त्या सिलिंडरला हवाही जास्त आणि पेट्रोलही जास्त, बाकीचे उपाशी.

आणि स्लो ही काही बंदरात उभं राहण्यापुरती गोष्ट नाही. जाळं घेताना तासन् तास स्लोच चालतं. खाडीच्या मुखावर लाटा फुटत असताना आत शिरायचं तर रेस कमी-जास्त करत, लाट बघत शिरावं लागतं, कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला हे बघायला मिळतं. त्या क्षणी रेस कमी केली आणि मोटर बंद पडली तर बोट आडवी होते. डॉल्फिन दाखवायला नेणारे तर दिवसभर स्लोवर, बोटीत लहान मुलं बसलेली. म्हणून मला स्लो नीट चालणं हे टॉप स्पीडपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

## स्क्रूला हात लावायच्या आधी

जुळवायला बसण्याआधी मोटर मुळात निरोगी आहे का ते बघायला हवं, नाहीतर आजारी सिलिंडर झाकायला आपण कार्ब वाकडे करून ठेवतो. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, मोजा, सगळे सिलिंडर एकमेकांपासून १० टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. एखादा खूपच खाली असेल तर कार्ब जुळवून काहीही होणार नाही, तिथे पिस्टनच्या रिंगचं किंवा सिलिंडरचं काम आहे. ठिणगी तिन्हीला सारखी येते का बघा. हाताने दाबायचा पेट्रोलचा रबरी फुगा, त्याचे क्लॅम्प, पाइपला चीर, इथून हवा ओढली जात असेल तर मोटर लीनच चालणार.

मग कार्ब उघडून साफ करा, आणि तिन्ही करा, ‘मधलाच खराब आहे’ असं म्हणून एकच उघडू नका. पावसाळाभर पेट्रोल राहिलेली वाटी उघडली की तळाला हिरवट-पिवळा चिकट थर दिसतो, वार्निशसारखा, बोटाने घासला तर निघत नाही. तोच थर स्लो जेटच्या भोकात बसलेला असतो. आता इथे एक सवय फार वाईट आहे, क्लचच्या वायरची एक तार काढायची आणि जेटमध्ये घालून खरवडायची. जेट पितळेचा, तार स्टीलची. १.४० मिमीचं भोक खरवडून १.४५ झालं तर डोळ्याला कळणार पण नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ ७ टक्क्यांनी वाढलं. एका कार्बला ७ टक्के जास्त पेट्रोल आणि बाकी दोन तसेच, मग जुळवा किती जुळवायचं ते. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका, तरी नाही मोकळा झाला तर नवा टाका. जेटवर आकडा कोरलेला असतो, तोच आकडा हवा. तिन्ही कार्बच्या फ्लोटची उंची सारखी आहे का तेही याच वेळी बघायचं, पातळी खाली असेल तर फुल रेसला लीन, वर असेल तर पेट्रोल उतू जातं. आणि बसवताना गॅस्केट नवे. जुनं गॅस्केट ग्रीस लावून परत बसवणं म्हणजे हवा आत यायला दार उघडं ठेवणं.

## बटरफ्लाय जुळवायच्या, हाताने आणि डोळ्याने

हे काम मोटर बंद ठेवूनच होतं, आणि यात फार महागडं काही लागत नाही.

आधी रिमोटची किंवा हँडलची केबल लिंकेजपासून सोडवा, कारण केबल ताणलेली असेल तर ती बटरफ्लाय हळूच उघडी धरते आणि तुम्ही चुकीच्या जागेवर सगळं जुळवता. मग आयडलचा (स्लोचा) स्टॉप स्क्रू, म्हणजे जो बटरफ्लायला पूर्ण बंद होऊ देत नाही तो, मागे घ्या. किती फेरे मागे घेतला ते लिहून ठेवा. आता लिंकेजवरचे कार्बांना जोडणारे स्क्रू सैल करा. यामाहाच्या काही तीन सिलिंडरवाल्या मॉडेलवर हे स्क्रू उलट्या आट्याचे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवले की सैल होतात, हे माहीत नसलेला माणूस जोर लावून डोकं घासून ठेवतो.

स्क्रू सैल झाले की प्रत्येक कार्बची स्प्रिंग आपापली चकती पूर्ण बंद करते. बोटाने एकदा टिचकी मारून बघा, चकती बसते तेव्हा बारीक ‘टक’ आवाज येतो. एखादी चिकटून मधेच थांबत असेल तर तिची दांडी साफ करायला हवी, तशीच पुढे जाऊ नका. एअर बॉक्सचं, म्हणजे कार्बच्या तोंडावरच्या डब्याचं, झाकण काढलेलं असतंच, कार्ब बाहेर काढलेले असतील तर मागून टॉर्च धरून समोरून बघा. बंद चकतीच्या कडेने उजेडाची एक बारीक कोर दिसते, चंद्रकोरीहून बारीक, आणि तिन्ही कार्बमध्ये ती सारखीच दिसली पाहिजे. एकात कोर जाड तर ती चकती नीट बसलेली नाही.

आता लिंकेजची पट्टी हलकेच धरून, सगळ्या चकत्या बंद आहेत याची खात्री करत, एकेक स्क्रू घट्ट करा. घट्ट करताना पट्टी किंचित सरकते, चूक इथेच होते. म्हणून घट्ट झाल्यावर परत तपासायचं. दोन बोटं दोन कार्बच्या दांड्यांवर ठेवा आणि लिंकेज अगदी हळू हलवा. दोन्ही दांड्या बोटाखाली एकदमच हलल्या पाहिजेत. वरची आधी आणि खालची मग असं जाणवलं तर परत सैल, परत तेच. हे दोनतीनदा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. शेवटी हँडल पूर्ण उघडून बघा, तिन्ही चकत्या नळीत सरळ आडव्या हव्यात. थोड्या कमी उघडल्या तर ताकद गेली, जास्त गेल्या तर चकती पलीकडे कलते आणि केबलचा सगळा ताण कार्बच्या दांडीवर येतो.

## ठिणगीचं वेळापत्रक

बऱ्याच जणांना हा भाग माहीतच नसतो. बऱ्याच २ स्ट्रोक आउटबोर्डमध्ये हँडल पिळलं की नुसत्या बटरफ्लाय उघडत नाहीत, त्याच हालचालीने फ्लायव्हीलखालची, म्हणजे मोटरच्या माथ्यावरच्या जड चाकाखालची, प्लेटही फिरते आणि ठिणगी लवकर पडायला लागते. पिस्टन टोकाला पोचायच्या किती आधी ठिणगी पडते याला टायमिंग म्हणतात, स्लोला ती टोकाच्या आसपास किंवा चक्क नंतर पडते, फुल रेसला मॉडेलप्रमाणे वीसेक अंश किंवा जास्त आधी.

आता हवा आणि ठिणगी यांचीही जोडी जुळावी लागते. कॅम म्हणून एक वाकडा तुकडा असतो आणि त्यावर एक छोटा रोलर, कॅम रोलरला कधी टेकतो त्यावर बटरफ्लाय कधी उघडायला लागणार हे ठरतं. कॅमवर त्यासाठी खूण असते. रोलर खुणेच्या आधीच टेकला तर हवा आधी आली आणि ठिणगी मागे राहिली, हँडल पिळल्यावर मोटर घुसमटते आणि मग एकदम झेप घेते. उशिरा टेकला तर हँडल पिळून काहीच होत नाही आणि मग अचानक धक्का. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, असेल तर टायमिंग आधी बघून घ्यायचं आणि मग रोलर. अमेरिकेतले मेकॅनिक या सगळ्या प्रकाराला ‘लिंक अँड सिंक’ म्हणतात.

जॉन्सन-एव्हिनरूडच्या बऱ्याच जुन्या मोटरींत स्लोला बटरफ्लाय पूर्ण बंदच असतात, हवा चकतीतल्या छोट्या भोकातून येते आणि स्लोची रेस टायमिंगवरून ठरते. अशा मोटरवर ‘स्लो वाढव’ म्हणून बटरफ्लाय थोडी उघडून ठेवली की सगळं गणित बिघडलं. आपल्या मोटरचं मॅन्युअल मिळवा, पीडीएफ मिळते, त्यातली दोन पानं पुरतात.

## आता तो पितळी स्क्रू

इतकं सगळं झाल्यावर मिक्स्चर स्क्रूची पाळी येते. हा फक्त स्लोचं मिश्रण ठरवतो, फुल रेसवर त्याचा परिणाम जवळपास नाही, तिथे मेन जेटचं राज्य. बऱ्याच मोटरींत स्क्रू आत घेतला की लीन आणि बाहेर सोडला की रिच. पण काही मॉडेलवर तो हवेचा मार्ग उघडझाप करतो, तिथे नेमकं उलट, म्हणून आधी मॅन्युअल बघायचं. सुरुवातीला सगळे स्क्रू हलकेच आत टेकवायचे, दोन बोटांनी, जोर न लावता, कारण टोक सुईसारखं असतं आणि दाबलं की त्यावर कायमचा वळ उठतो. मग मॅन्युअलमध्ये असतील तेवढे फेरे बाहेर, साधारण एक ते दीडच्या आसपास, तिन्हीला सारखे.

पुढचं काम पाण्यात. नळाला रबरी कप लावून किंवा पिंपात मोटर चालवून स्लो सेट करू नका, तिथे पंख्यावर भार नाही, एक्झॉस्टसमोर पाण्याचा तेवढा दाब नाही, रेस आपोआप वर जाते. तुम्ही ती खाली आणता आणि बोट पाण्यात गेल्यावर गिअर टाकला की मोटर बंद. बोट खाडीत शांत पाण्यात नेऊन मागून-पुढून पक्की बांधा, मोटर दहाएक मिनिटं तापू दे, मोटर थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट येतेय बघा, गिअर पुढचा टाका आणि मग स्क्रू. झाकण उघडं असताना वर फ्लायव्हील फिरत असतं, लांब बाही, गळ्यातली दोरी-माळ काढून ठेवा, किल कॉर्ड, म्हणजे ओढली की मोटर बंद करणारी दोरी, दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, पंख्याच्या बाजूला पाण्यात कोणी नको, आणि बिडी तर नकोच नको.

एका कार्बचा स्क्रू लीनच्या बाजूला फेऱ्याचा आठवा भाग फिरवा आणि थांबा. पाणी उकळायला जसा वेळ लागतो तसा मिश्रणाला नाही लागत, पण पंधरा-वीस सेकंद तरी द्या, आवाज उशिरा बदलतो. एका जागी मोटर खोकायला लागेल, कार्बच्या तोंडातून फट्ट असा आवाज येईल, ते लीन झाल्याचं लक्षण. मग रिचच्या बाजूला जात रहा, आवाज गोल होईल, रेस किंचित वाढेल, आणि आणखी गेलात तर जड होईल, धूर वाढेल, अडखळेल. या दोन टोकांच्या मधली जागा पकडा आणि तिथून थोडं रिचकडे ठेवा. मग दुसरा कार्ब, मग तिसरा, मग परत पहिला. शेवटी हँडल झटकन पिळून बघा, घुसमट न होता उचललं पाहिजे. आयडलची रेस सगळ्यात शेवटी लावायची, बऱ्याच मोटरींना गिअरमध्ये ६५० ते ७५० आरपीएम चालतं.

एखाद्या कार्बचा स्क्रू कसाही फिरवला तरी फरकच पडत नसेल तर ती फार कामाची बातमी आहे. त्या सिलिंडरचा स्लो जेट अजून तुंबलेला आहे, किंवा तो सिलिंडर मुळात चालतच नाहीये.

## “आमचा मिस्त्री तर कानानेच करतो”

करतो, आणि चांगले मिस्त्री खरंच करतात. पण कान काय ऐकतो ते बघा. तीन सिलिंडरचा मिळून एक आवाज. त्यात एक रिच आणि एक लीन असेल तरी एकूण आवाज बरा येऊ शकतो, कारण एकाची कसर दुसरा भरून काढतो. वाकड्या बटरफ्लाय स्क्रूने ‘बरोबर’ केल्या की नेमकं हेच होतं. कान हवाच, पण शेवटच्या टप्प्यात, आधी चकत्या डोळ्याने जुळल्यावर. आणि मग प्लगचा रंग बघा. जाळ्यावर जाताना करतो तशी फुल रेसला दोन-तीन मिनिटं चालवा, मग स्लोला न आणता तशीच बंद करा आणि तिन्ही प्लग काढून ओळीने ठेवा. तिन्ही कॉफीसारखे तपकिरी, तर झोपा निवांत. एक काळा ओला, तो रिच किंवा त्याची ठिणगी कमजोर. एक पांढराफटक, तर पुढची फेरी रद्द करा, तो सिलिंडर लीन चाललाय.

## “थोडं रिच ठेवलं की पिस्टन वाचतो ना?”

वाचतो, थोडं ठेवलं तर. पण जास्त रिच ठेवून स्लोला तासन् तास चालवलं की प्लग काळे ओले होतात, पिस्टनवर आणि रिंगच्या खाचेत कार्बन बसतो, रिंग चिकटते आणि कॉम्प्रेशन जातं. पेट्रोलचा खर्च तर आहेच, आणि न जळलेलं ऑइल पाण्यावर तवंग होऊन फिरतं, त्याच खाडीत आपण कालवं-तिसऱ्या काढतो.

लीनचं नुकसान मात्र झटकन होतं. गाडी चालवताना आपण सारखा रेस सोडतो, इंजिनाला उसंत मिळते. बोटीला पाणी सोडत नाही, मासळी घेऊन बंदर गाठायचं तर तासभर मोटर सलग भाराखाली. लीन सिलिंडरमध्ये तापमान चढतं, पिस्टन फुगतो, ऑइलचा थर तुटतो आणि पिस्टन सिलिंडरला घासायला लागतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचं मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि जळणारं मिश्रण त्याहून कितीतरी जास्त गरम असतं. म्हणून एका तुंबलेल्या जेटपायी तीनपैकी एकच पिस्टन जळालेला निघतो, बाकी दोन नव्यासारखे.

## ई२० चं काय मग

इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, १ किलोला साधारण ९ किलो. २० टक्के मिसळलं की १ किलो पेट्रोलला लागणारी हवा १४.७ किलोवरून साडेतेराच्या आसपास येते. कार्बला हे कळत नाही. त्यात सेन्सर नाही, तो पूर्वीच्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो, म्हणजे ढोबळ हिशोबाने मोटर ८ टक्क्यांच्या आसपास लीनकडे सरकते. आणखी दोन गोष्टी, इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर-गॅस्केट फुगवतं. समुद्राच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसू शकतं, आणि २ स्ट्रोकचं ऑइल त्या थरात नीट मिसळत नाही. मोटरचा पाइप टाकीच्या तळातूनच ओढतो, हे वेगळं सांगायला नको. यामाहा, मर्क्युरीसारख्या कंपन्यांची मॅन्युअल बघितली तर बहुतेक मोटरींना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं.

मग मोठा मेन जेट टाकावा का? काही जण टाकतात. माझं मत, आधी सगळं जुळवा, मूळ आकड्याचे जेट ठेवून प्लगचा रंग बघा, आणि तिन्ही प्लग सारखेच पांढरट येत असतील तरच एक नंबर मोठा जेट, तिन्ही कार्बला एकदम, जाणत्या माणसाकडून. एकच प्लग पांढरा असेल तर तो ई२० चा दोष नाहीच, पेट्रोल तर तिघांना तेच मिळतंय. हल्ली प्रत्येक बिघाड पेट्रोलवर ढकलायची सोय झालीये, आणि त्यात तुंबलेला जेट तसाच राहून जातो. बाकी काळजी साधी आहे, लागेल तेवढंच पेट्रोल भरा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, पाइप आणि निडलचं रबर इथेनॉल सोसणारं घ्या.

## “त्यापेक्षा ४ स्ट्रोकच घेऊ”

घेता येत असेल तर जरूर, पेट्रोल वाचतं, धूर नाही. पण कार्बवाल्या ४ स्ट्रोकलाही हेच जुळवणं आहे, फक्त तिथे प्रत्येक सिलिंडरची ओढ स्थिर असते म्हणून व्हॅक्यूम गेज, म्हणजे ती ओढ मोजणारं मीटर, लावून चालू मोटरवर मोजून जुळवतात. इंजेक्शनवाल्या मोटरीत मिश्रण कॉम्प्युटर ठरवतो, पितळी स्क्रूची कटकट संपते, पण घाण पेट्रोल आणि पाणी त्यांनाही सोसत नाही, आणि बिघडली तर किनाऱ्यावर बसून दुरुस्त होईलच असं नाही. छोट्या होडीवाल्याने जुनी २ स्ट्रोक ठेवली तर त्यात गैर काही नाही, ती नीट जुळवलेली हवी.

## मोटर वर ठेवताना

मे महिन्यात मोटर काढताना बरेच जण पाइप काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, वाट्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून. हेतू चांगला आहे, पण तिन्ही वाट्या एकदम संपत नाहीत. जी आधी संपते तो सिलिंडर शेवटची मिनिटं पेट्रोल आणि ऑइलविना फिरतो, आणि तरीही तळाला थोडं पेट्रोल उरतंच. त्यापेक्षा मोटर बंद करून प्रत्येक वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडा, एका बाटलीत पेट्रोल काढा, बघा त्यात पाण्याचे थेंब फिरतायत का, आणि स्क्रू परत लावा. प्लगच्या भोकातून थोडं २ स्ट्रोक ऑइल सोडून फ्लायव्हील हाताने दोन-चारदा फिरवा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, जेटचा आकडा, मिक्स्चर स्क्रू किती फेरे बाहेर, प्लग कोणता. ऑगस्टमध्ये मोटर दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तरी त्याला अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.